कढीपत्त्याचं लहान रोप मोठ्या कुंडीत कसं हलवावं? (आधीचं एक गेलंय, हे जायला नको)

चाफेकळी
२३ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

आमची परळची चाळ गेल्या डिसेंबरात रिकामी झाली, पुनर्विकासासाठी. चाळीच्या मागे, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर कढीपत्त्याचं झाड होतं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही ते होतंच म्हणतात. दोन्ही मजल्यांच्या फोडण्या त्या एका झाडावर व्हायच्या. खोली सोडायच्या आठवड्यात मिस्टरांनी बुडाशी आलेले ४ फुटवे मुळासकट खणून काढले. २ शेजारच्या काकूंना दिले, २ आम्ही आणले.

त्यातला एक मी हौसेने थेट १४ इंची कुंडीत लावला. महिन्याभरात खालची पानं पिवळी पडायला लागली, मग शेंडा मान टाकून बसला. शेवटी उपटून पाहिलं तर मुळं काळी, बुळबुळीत आणि वास मारणारी.

दुसरा तात्पुरता म्हणून १ किलोच्या श्रीखंडाच्या डब्यात लावला होता. तळाला तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडली होती. तो मात्र वाढला! आता वीतभर उंच आहे, ११ पानं आहेत. पण ३ भोकांतून मुळं बाहेर आलीत आणि सकाळी पाणी घातलं तर संध्याकाळी माती खडखडीत.

सध्या आम्ही कांदिवलीला चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. बाल्कनी पश्चिमेला, दुपारी २ पासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. मला विचारायचंय ते असं, की किती मोठी कुंडी घेऊ, आत्ता हलवू की पाऊस सुरू झाल्यावर, आणि मुळं भोकांत अडकलेली असताना रोप डब्यातून काढायचं कसं?

सासूबाई रोज सकाळचा चहा त्या डब्याशेजारी बसून घेतात. म्हणून इतकं विचारतेय.

रातराणी
२३ मे, रात्री १०:३२

आत्ताच्या डब्यापेक्षा २-३ इंच रुंद, बस. म्हणजे ७ किंवा ८ इंची. १४ इंचीचा विचार दोन वर्षांनी.

खुरपं
२३ मे, रात्री ११:०५

चाफेकळी ताई, पहिलं रोप जास्तीच्या ओलीने गेलं. तुम्ही वर्णन केलेली मुळं तेच सांगताहेत.

१४ इंची कुंडीत वीसेक लिटर माती मावते. फुटव्याची मुळं त्यातली ओंजळभर मातीच पिऊन कोरडी करू शकतात. बाकीची माती आठवडाभर ओलीच राहते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि चिंब मातीत कणांच्या मधल्या जागा पाण्याने भरलेल्या असतात, हवेला शिरायला वावच नाही. आपण वरचा पापुद्रा सुकलेला बघतो आणि परत तांब्याभर ओततो. मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं सुकतात. पानं सुकली म्हणून आपण आणखी पाणी घालतो. मुंबईत कुंडीतली निम्मी रोपं याच फेऱ्यात जातात असं माझं मत आहे, कारण इथे हवाच इतकी दमट की माती सावकाश सुकते.

डब्यातलं रोप वाढलं ते डबा लहान होता म्हणूनच. त्यामुळे पायरीपायरीने मोठी कुंडी. आत्ता ८ इंची, मग १०-१२, मग तुमची ती १४ इंची. ती जपून ठेवा, तिचा नंबर येईल.

निशिगंध
२४ मे, सकाळी ७:२०

मी थोडी असहमत. मी वसईला बैठ्या घरात राहते. कढीपत्ता, जास्वंद, लिंबू सगळं पिशवीतून थेट मोठ्या मातीच्या कुंडीत लावलं आणि सगळं जगलं. दर वेळी मुळांना हात लावण्यापेक्षा एकदाच काय ते हलवावं, असं सासरे सांगायचे.

खुरपं
२४ मे, सकाळी ८:०२

@निशिगंध, तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं अंगणात खरंच आहे. मातीची कुंडी, खाली जमीन, चहूबाजूंनी ऊन-वारा. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी उडून जातं. चौदाव्या मजल्यावर बहुतेक प्लास्टिकची कुंडी असणार आणि अर्धा दिवस सावली. तिथे तीच माती तिप्पट दिवस ओली राहते. कुंडी मातीची असेल तर मीही एखादा इंच वर जाईन.

निशिगंध
२४ मे, सकाळी ८:१५

हे पटलं. कुंडी कशाची हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

मृगाचा_पाऊस
२४ मे, सकाळी ९:४०

कृपया आत्ता हलवू नका. मे अखेरच्या उन्हात, त्यात पश्चिमेची बाल्कनी! मृग लागतो ७-८ जूनला, आणि मुंबईत पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून. दोन पाऊस पडून हवा गार झाली की एखाद्या ढगाळ संध्याकाळी हलवा.

कारण सांगतो. रोप पाणी शोषतं ते प्रामुख्याने मुळांच्या टोकांपाशी असलेल्या केसांसारख्या बारीक तंतूंतून. आपण कितीही हळुवार काढलं तरी त्यातले बरेच तुटतात. पानांतून पाणी उडायचं मात्र थांबत नाही. आवक बंद, जावक चालू. पावसाळी हवेत जावक आपोआप कमी होते आणि तेवढ्या दिवसांत नवे तंतू फुटतात.

सायलीचा_वेल
२४ मे, सकाळी १०:१०

पण आणखी तीन आठवडे त्या डब्यात? सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टिकत नाही म्हणतात त्या. उन्हाने तापलेल्या प्लास्टिकमध्ये मुळं शिजतील. मी तर या आठवड्यातच हलवेन, आणि दहा दिवस घरात खिडकीच्या आत ठेवेन.

मृगाचा_पाऊस
२४ मे, सकाळी १०:३५

तोवर डबा बाल्कनीच्या कठड्याआड जमिनीवर ठेवायचा, जिथे ऊन थेट पोचत नाही. पाणी दोन वेळा, थोडं थोडं. डबा एखाद्या रिकाम्या मातीच्या कुंडीत उतरवून ठेवला तर तापणारही नाही. तीन आठवडे सहज निघतात.

सायलीचा_वेल
२४ मे, सकाळी १०:४१

डबा कुंडीत ठेवायची युक्ती छान आहे. मग थांबायला हरकत नाही.

लालमाती
२४ मे, दुपारी १:१५

मातीबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

नर्सरीतून मिळणारी नुसती लाल माती भरू नका. दोन महिन्यांत तिची वीट होते. माझं प्रमाण असं: लाल माती ४ वाट्या, गांडूळखत ३ वाट्या, कोकोपीट २ वाट्या, जाडी धुतलेली रेती १ वाटी आणि वर मूठभर नीमपेंड. सगळं कालवून, किंचित ओलं करून मुठीत दाबायचं. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर सुटला पाहिजे. टोचूनही गोळा तसाच राहिला तर माती जास्त झाली, रेती आणि कोकोपीट वाढवा. गोळा झालाच नाही तर कोकोपीट जास्त झालंय.

कोकोपीटची वीट बादलीत भिजवून एकदा तरी पाणी बदला, त्यात क्षार असतात. ६५० ग्रॅमची वीट फुलून ८-९ लिटर होते, तुम्हाला पाव वीटही पुरे.

आणि हात जोडून सांगतो, चौपाटीवरची वाळू आणू नका. माझ्या मेव्हण्याने गिरगावची पिशवीभर आणली होती. त्यातल्या मिठाने मोगऱ्याच्या पानांच्या कडा पंधरा दिवसांत करपल्या.

शेणखत घालायचं असेल तर पूर्ण कुजलेलं, काळं, वास नसलेलं. ताजं शेण कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात.

गच्चीवरची_बाग
२४ मे, दुपारी २:५०

तळाला दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे घालायला विसरू नका, निचरा चांगला होतो.

खुरपं
२४ मे, दुपारी ३:३०

माफ करा, पण याला माझा विरोध आहे. मीही पंधरा वर्षं हेच करत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

घरात भांडी घासायचा आयताकृती स्पंज असेल तर पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. टपकायचं थांबू द्या. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. खालून आणखी पाणी गळेल. बारीक कणांच्या कुठल्याही वस्तूत तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडकून राहतं, आणि वर उंची जितकी जास्त तितका वरचा भाग लवकर मोकळा होतो. कुंडीत खडी घातली की मातीची उंची दोन इंचांनी कमी होते. पाणी खडीत उतरत नाही, खडीच्या वर मातीतच अडकून बसतं. म्हणजे ओला थर उचलून मुळांच्या जवळ आणून ठेवल्यासारखं झालं.

भोकावर एक खापरीचा तुकडा उपडा ठेवा, किंवा जाळीचा तुकडा, माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढंच.

गच्चीवरची_बाग
२४ मे, दुपारी ४:२०

आत्ता स्पंज घेऊन करून पाहिलं. खरंच चांगली अर्धी वाटी पाणी आणखी गळलं! माझ्या ४० कुंड्यांत खडी आहे, आता कुंडी बदलताना एकेक काढते.

प्राजक्ताचा_सडा
२४ मे, रात्री ८:४५

काळ्या, बुळबुळीत मुळांवरून एक आठवण सांगते.

आम्ही तेव्हा कलिन्याला तळमजल्यावर राहायचो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. घरात कमरेपर्यंत पाणी. आईच्या खिडकीखालच्या सगळ्या कुंड्या दोन दिवस त्या घाण पाण्यात बुडालेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर आईने आधी घर धुतलं, मग भांडी, आणि चौथ्या दिवशी मोगऱ्याची कुंडी उपडी केली. मुळं अगदी चाफेकळी ताईंनी लिहिलंय तशी.

तिने नळाखाली सगळी माती धुऊन काढली. काळं, मऊ झालेलं जे जे होतं ते कात्रीने कापलं. बोटाने ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरायचा, ते सगळं गेलं. पांढरी, कडक मुळं जेमतेम मूठभर राहिली. वरच्या फांद्याही तिने तितक्याच छाटल्या. आणि मग लावलं कशात, तर चहाच्या पत्र्याच्या लहान डब्यात. मी विचारलं, इतक्या मोठ्या मोगऱ्याला इतका लहान डबा? ती म्हणाली, "मुळं बघायची गं, झाड बघून घर द्यायचं नाही."

सप्टेंबरात फुटला. तो मोगरा अजून माझ्याकडे ठाण्याला आहे.

रातराणी
२४ मे, रात्री ९:०१

"मुळं बघायची." तुमच्या आईने एका वाक्यात सगळा धागा सांगितला.

खुरपं
२४ मे, रात्री ९:३०

काकूंनी अगदी बरोबर केलं. मुळं जितकी गेली तितकी पानं कमी करायची, म्हणजे उरलेल्यांवर भार येत नाही. पण हे कुजलेल्या रोपाचं झालं. चाफेकळी ताईंच्या निरोगी रोपाची पानं छाटायची गरज नाही, त्यातूनच ते अन्न करणार आहे.

लिंबोणी
२५ मे, सकाळी ११:२५

थोडं अवांतर. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यामुळे त्याच्यावर फुलपाखरं अंडी घालतात. लहान रोपावर एकच अळी आली तरी ११ पानं चार दिवसांत फस्त. रोज सकाळी पानांच्या दोन्ही बाजू बघत जा. अळी लहान असते तेव्हा चिमणीच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि मधे पांढरा डाग, त्यामुळे फसायला होतं. मोठी झाली की हिरवीगार. हलकेच बोट लावलंत तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

मी मारत नाही. आमच्या सोसायटीत लिंबाचं मोठं झाड आहे, पानासकट उचलून त्यावर ठेवते. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याच्या अळ्याही याच कुळातल्या झाडांवर वाढतात.

सायलीचा_वेल
२५ मे, दुपारी १२:१०

माझ्या मुलाने अशी अळी बरणीत पाळली होती. रोज कोवळा कढीपत्ता तोडून घालायचा. फुलपाखरू निघालं त्या दिवशी शाळेला दांडी.

विक्रोळीकर
२५ मे, दुपारी ३:४०

उंच मजल्यावर राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, रोपाच्या नाहीत पण महत्त्वाच्या.

१४ इंची कुंडी ओल्या मातीसकट २५-३० किलो सहज भरते. ती कधीही ग्रिलवर किंवा कठड्यावर ठेवायची नाही, जमिनीवरच, भिंतीलगत. ८ इंचीसुद्धा कठड्यावर नको. जूनच्या वाऱ्यात आमच्या समोरच्या इमारतीवरून एक कुंडी खाली आली होती. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

दुसरं, ताटलीतलं पाणी. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. पावसाळ्यात ताटली काढूनच टाका. रोपालाही बरं, खाली पाणी तुंबत नाही.

मृगाचा_पाऊस
२५ मे, दुपारी ४:०५

वाऱ्यावरून आठवलं. चौदाव्या मजल्यावर रोप हललं की नवी मुळं धरत नाहीत. कुंडीच्या कडेला एक काठी रोवून सुती दोऱ्याने सैल आठचा आकडा बांधा. काठी मुळांच्या गोळ्यात खुपसायची नाही.

चाफेकळी
२५ मे, रात्री १०:५०

सगळ्यांचे किती आभार मानू! सासूबाईंना पूर्ण धागा वाचून दाखवला. मोगऱ्याच्या गोष्टीला त्यांनी डोळे पुसले.

ठरलं. ८ इंची मातीची कुंडी, पाऊस आल्यावर, खडी नाही. डबा आजच १४ इंची रिकाम्या कुंडीत उतरवून कठड्याआड ठेवला.

पण डब्यातून काढायचं कसं हे राहिलंच. खालून मुळं बाहेर आहेत, ओढलं तर तुटणार ना?

खुरपं
२६ मे, सकाळी ७:४५

डब्याचा मोह सोडायचा. कापायचा. रोप वाचवायचं की डबा, एवढाच प्रश्न आहे.

आदल्या रात्री चांगलं पाणी घाला. माती ओलसर असली की गोळा एकसंध निघतो. कोरडी भुगा होते, चिखल असेल तर स्वतःच्या वजनाने गळून पडतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा आडवा करून मजबूत कात्रीने काठापासून तळापर्यंत समोरासमोर दोन चिरा द्या. कात्रीचं टोक भिंतीला चिकटून, आत घुसवायचं नाही. दोन्ही बाजू केळ्याच्या सालीसारख्या उघडतील. तळाची चकती राहील, तिला कडेपासून प्रत्येक भोकापर्यंत एकेक काप द्या. भोक उघडं झालं की मूळ आपोआप मोकळं होतं. या सगळ्यात खोडाला धरून रोप उचलायचं नाही. हात गोळ्याखाली.

मुळं गोल गोल फिरून जाळी झाली असेल तर? बऱ्याच ठिकाणी लिहितात की सगळी सोडवा, विंचरा. कढीपत्त्याला ते सोसत नाही. बाहेरून गोल फिरलेली दोन-तीन मुळं बोटाने हलकेच सुटी करून बाहेरच्या दिशेने वळवा. बाकी गोळा आहे तसा.

लालमाती
२६ मे, सकाळी ९:१०

एक भर घालतो. दुसरा तसाच रिकामा श्रीखंडाचा डबा घ्या. नव्या कुंडीत तळाला माती घालून तो मधोमध ठेवा, काठ कुंडीच्या काठापासून इंचभर खाली. भोवती माती भरून हलकी दाबा. डबा गोल फिरवून उचला. रोपाच्या गोळ्याच्या मापाचा खड्डा तयार! गोळा त्यात अलगद उतरवायचा. नंतर भोवती माती ठोसावी लागत नाही आणि रोप खोलही जात नाही. खोड आत्ता मातीत जितकं आहे तितकंच राहिलं पाहिजे. जास्त गाडलं की बुडाशी कुजतं.

निशिगंध
२६ मे, सकाळी ९:३०

म्हणजे आणखी एक किलो श्रीखंड आणावं लागणार. मिस्टर खूश होतील तुमचे.

गच्चीवरची_बाग
२६ मे, सकाळी १०:००

आंबट ताक घालायचं का? आमच्याकडे कढीपत्त्याला ताक घालतातच.

लालमाती
२६ मे, सकाळी १०:४५

मीही घालतो, पण मुरलेल्या झाडाला, भरपूर पाणी मिसळून, महिन्यातून एकदा. नुकत्याच हलवलेल्या रोपाला ताक नको, खत नको, डीएपी-युरिया तर अजिबात नको. निदान महिनाभर. तुटलेल्या मुळांवर खत म्हणजे जखमेवर मीठ. गांडूळखत मातीत आहेच, तेवढं पुरे.

चाफेकळी
१५ जून, रात्री ९:२०

मंडळी, आज केलं!

तीन दिवस पाऊस होता, आज दुपारनंतर नुसते ढग. पाच वाजता बाल्कनीत जुनी वर्तमानपत्रं पसरली. काल रात्री पाणी घातलेलं होतं. मिस्टरांनी डबा धरला, मी कापला. पहिली चीर देताना हात थरथरत होता. बाजू उघडल्यावर आत मातीपेक्षा मुळंच जास्त दिसली. तांदळाच्या शेवयांसारखी पांढरी, डब्याच्या आकाराची विणलेली टोपली जणू. एक जाड मूळ तळाशी दोन वेढे घालून भोकातून बाहेर पडलं होतं. चकतीला खुरपंदादांनी सांगितलं तसे काप दिले, दोन भोकं सुटली. तिसऱ्यातलं मूळ पेन्सिलीच्या शिशाएवढं जाड होतं आणि प्लास्टिक त्यात रुतलं होतं. तिथे अर्धा तास गेला. शेवटी नेलकटरने प्लास्टिकचा तुकडा तुकडा कुरतडला. एक बारीक फाटा तुटला, बाकी सगळं शाबूत.

खड्डा आधीच तयार होता, गोळा बरोबर बसला. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने भोवती माती सारखी केली, काठापासून इंचभर जागा पाण्यासाठी ठेवली. खालून निथळेपर्यंत पाणी घातलं. काठी लावली. आता रोप बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात आहे, जिथे उजेड आहे पण पावसाचा झोत येत नाही.

प्राजक्ताचा_सडा
१५ जून, रात्री ९:३५

पांढरी मुळं म्हणजे रोप ठणठणीत आहे. सासूबाईंचा हात लागला, आता काळजी नको.

चाफेकळी
१९ जून, सकाळी ८:१०

काळजी वाटतेय. दोन खालची पानं पिवळी होऊन गळली आणि शेंडा दुपारी मलूल दिसतो. पाणी वाढवू का? उन्हात ठेवू का?

खुरपं
१९ जून, सकाळी ८:२५

काहीही करू नका. दोन्ही नाही.

बोट दीड इंच मातीत घाला. ओलं लागतंय का?

चाफेकळी
१९ जून, सकाळी ८:३१

हो, गार आणि ओलं.

खुरपं
१९ जून, सकाळी ८:४०

मग पाणी आहे, ओढणारे तंतू अजून पुरेसे नाहीत. रोपाने सगळ्यात जुनी दोन पानं सोडून दिली, तो त्याचा हिशोब आहे. शेंडा सकाळी ताठ असतो का ते बघा. रात्रीतून सावरत असेल तर मुळं कामाला लागलीत. सकाळीही मान खाली असेल तर सांगा, मग बघू. कुंडी जागची हलवू नका, रोप उपटून मुळं तपासायचा विचारही नको. पाणी फक्त बोटाला कोरडं लागल्यावर.

मृगाचा_पाऊस
१९ जून, सकाळी ९:००

+१. या आठवड्यात रोपाला माणसाच्या मायेपासूनच जपावं लागतं. फार शुश्रूषा करू नका.

चाफेकळी
२० जून, सकाळी ७:०५

आत्ता पाहिलं. ताठ आहे.

रातराणी
२० जून, सकाळी ७:१२

वाचून हायसं वाटलं.

सायलीचा_वेल
२ जुलै, दुपारी १२:४५

चाफेकळी, काय खबर? रोज धागा उघडून बघतेय.

चाफेकळी
९ जुलै, रात्री १०:०५

उशीर झाल्याबद्दल क्षमा, सासूबाई गावी होत्या आणि मला त्यांच्या आधी इथे सांगायचं नव्हतं.

त्या आज परत आल्या. चपला काढून थेट बाल्कनीत गेल्या. शेंड्याला दोन नवी पानं आलीत, अजून तांबूस-पोपटी, मिटलेल्या हाताच्या बोटांसारखी. आणि बुडाशी, खोडापासून दोन बोटांवर, मातीतून एक हिरवं टोक वर आलंय. मला आधी गवत वाटलं. चुरगळून वास घेणार होते, सासूबाईंनी हात धरला. फुटवा आहे.

परवापासून रोपाला सकाळी सकाळी उघड्यावर ठेवायला लागले, दुपारच्या उन्हात अजून नाही. लिंबोणी ताई, पानं रोज दोन्ही बाजूंनी बघते, अजून कोणी पाहुणे आलेले नाहीत.

शेजारच्या काकू आता डोंबिवलीला असतात. त्यांचे दोन्ही फुटवे एप्रिलमध्ये गेले, असं आज फोनवर कळलं. त्यांनीही मोठ्या ड्रममध्ये लावले होते. हा नवा फुटवा वीतभर झाला की त्यांच्यासाठी वेगळा काढायचा आहे. तो मूळ रोपापासून कधी आणि कसा तोडावा, यासाठी नवा धागा काढू की इथेच विचारू?

खुरपं
९ जुलै, रात्री १०:२०

इथेच विचारा. पण पुढच्या पावसाळ्याआधी नाही. त्याला आधी स्वतःची मुळं धरू द्या. तोवर एक रिकामा श्रीखंडाचा डबा बाजूला ठेवा.